अंदाज, इशारा आणि कृती : चक्रीवादळाच्या पूर्वसूचनेचा शेवटचा टप्पा
(विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाची सुरुवात मी एका जुन्या आणि वेदनादायक घटनेपासून करतो. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, त्या वेळी पूर्व पाकिस्तान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाच्या किनाऱ्यावर एक चक्रीवादळ धडकले. भोला बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वादळात किमान तीन लाख लोक मृत्युमुखी पडले असे मानले जाते. नंतर झालेल्या पाहणीत मात्र एक विलक्षण गोष्ट समोर आली. बाधित भागातील सुमारे ९० टक्के लोकांना वादळ येत आहे हे ठाऊक होते. परंतु पक्क्या इमारतीचा आश्रय घेणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम एक टक्का होते.

म्हणजे बातमी पोहोचली होती, माणसे मात्र हलली नाहीत. असे का व्हावे? हाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. परीक्षेच्या दृष्टीने आपण चक्रीवादळाची कारणे, वर्गीकरण आणि नावे पाठ करतो. ते आवश्यकच आहे. परंतु अचूक अंदाज वर्तवला की काम संपले, हा समज जितक्या लवकर दूर होईल तितके चांगले.

वादळाची घडण

‘सायक्लोन’ हा शब्द आपल्याच देशात घडला. कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो वापरला. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून तो घेतलेला आहे. १८६४ मध्ये कोलकात्यावर आलेले भीषण वादळ आणि त्यानंतर १८६६ व १८७१ मध्ये मान्सूनने दिलेला दगा या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. या विभागाच्या जन्माशीच वादळाच्या पूर्वसूचनेची गरज निगडित आहे, हे ध्यानात ठेवावे.

समुद्राच्या वरच्या थराचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक असेल, तर तेथील बाष्पयुक्त हवा वर चढते. बाष्पाचे जलबिंदू होताना सुप्त उष्णता मुक्त होते आणि तीच वादळाचे इंधन ठरते. पृथ्वीच्या परिवलनामुळे आत खेचल्या जाणाऱ्या वाऱ्यांना वळण मिळते. उत्तर गोलार्धात हे वारे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतात. मध्यभागी शांत ‘डोळा’ असतो आणि त्याच्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत वारे सर्वांत प्रचंड असतात. अटलांटिकमध्ये यालाच हरिकेन, पश्चिम प्रशांत महासागरात टायफून आणि आपल्याकडे चक्रीवादळ म्हणतात. आपल्या वर्गीकरणानुसार वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की ‘चक्रीवादळ’ ही संज्ञा लागू होते आणि तो ताशी २२२ किलोमीटर किंवा अधिक असेल तर ‘महाचक्रीवादळ’ म्हणतात.

अंदाजाची प्रगती आणि मर्यादा

उपग्रह, डॉप्लर रडार, समुद्रात तरंगणारी निरीक्षणयंत्रे आणि संगणकीय प्रारूपे यांच्या बळावर या शास्त्राने मोठी मजल मारली आहे. भारतीय हवामान विभागाच्या चोवीस तास आधीच्या मार्ग-अंदाजातील सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. हवामान विभाग चार टप्प्यांत सूचना देतो. सुमारे ७२ तास आधी पूर्वसावधगिरीची, किमान ४८ तास आधी सतर्कतेची, किमान २४ तास आधी प्रत्यक्ष इशाऱ्याची आणि किमान १२ तास आधी, वादळ जमिनीवर आल्यानंतर काय घडेल याची. नवी दिल्लीचे केंद्र तेरा देशांसाठी मार्गदर्शन करते. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ पासून सुरू झाली. २०२० मध्ये तेरा देशांनी प्रत्येकी तेरा अशी १६९ नावांची नवी यादी स्वीकारली. नावे देण्याचा हेतूही संदेशवहनाचाच आहे. अक्षांश-रेखांशांपेक्षा नाव लक्षात राहते.

तरीही शंभर किलोमीटरची चूक म्हणजे काय? अलिबाग आणि मुंबई यांच्यातील अंतर त्याहून कमी आहे! शास्त्रज्ञाच्या दृष्टीने जो अंदाज उत्तम, तो एका गावाच्या दृष्टीने अनिश्चितच राहतो. ही अनिश्चितता लोकांपुढे कशी मांडावी, येथे खरी परीक्षा असते.

अमेरिकेचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र वादळाच्या मध्याचा संभाव्य मार्ग शंकूच्या आकाराने दाखवते. पुढच्या दिवसांतील अनिश्चितता वाढत जाते म्हणून शंकू रुंदावत जातो. ऑगस्ट २००४ मध्ये ‘चार्ली’ हे हरिकेन फ्लोरिडाकडे निघाले, तेव्हा नकाशावरील मधली रेषा टँपा शहराच्या दिशेने जात होती. वादळ प्रत्यक्षात दक्षिणेला पुंता गोर्दा परिसरात शिरले. तो परिसर शंकूच्या आतच होता आणि तेथेही इशारा दिलेला होता. परंतु अनेकांनी शंकू न पाहता रेषा पाहिली आणि आपण सुरक्षित आहोत असे मानले. काहींचा समज याच्या उलट होता. त्यांना शंकू म्हणजे वादळाचा आकार वाटला आणि शंकूबाहेर धोका नाही असे त्यांनी गृहीत धरले. चित्र शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष असूनही पाहणाऱ्याच्या मनात चुकीचा अर्थ उमटू शकतो, हा त्यातील धडा.

एका आकड्याची फसगत

दुसरी फसगत आकड्याची. हरिकेनचे एक ते पाच असे प्रकार केवळ वाऱ्याच्या वेगावर ठरतात. परंतु सर्वाधिक बळी बहुधा वारा घेत नाही, पाणी घेते. वादळ समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटते आणि उधाणाची प्रचंड लाट जमिनीवर चढते. १९६९ मध्ये ‘कॅमिल’ हे पाचव्या प्रकारचे हरिकेन अमेरिकेतील मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आले होते. २९ ऑगस्ट २००५ रोजी आलेले ‘कॅटरिना’ किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत तिसऱ्या प्रकारात उतरले होते. ‘कॅमिलमध्ये जेथे पाणी आले नाही, तेथे आता कशाला येईल?’ असा विचार करून अनेक जण घरीच थांबले. कॅटरिनाचा विस्तार मात्र फार मोठा होता आणि काही ठिकाणी पाणी आठ मीटरहून अधिक उंच चढले. न्यू ऑर्लिन्समधील पूरसंरक्षक बंधारेही फुटले. हजाराहून अधिक लोकांचा बळी गेला. गतवेळचा अनुभव कधी कधी माणसाला शहाणे करण्याऐवजी निर्धास्त करतो.

याच वादळाच्या आदल्या दिवशी तेथील स्थानिक हवामान कार्यालयाने दिलेला इशारा आजही अभ्यासला जातो. त्यात केवळ वेग आणि दाब यांचे आकडे नव्हते. घरांची छपरे कशी उडतील, परिसर कित्येक आठवडे राहण्यायोग्य उरणार नाही, पाण्याच्या टंचाईने माणसांचे किती हाल होतील, हे साध्या शब्दांत सांगितले होते. ‘वादळ कसे आहे’ यापेक्षा ‘वादळ तुमचे काय करील’ हे सांगणारा इशारा माणसाच्या मनाला भिडतो. यालाच आज परिणामाधारित पूर्वसूचना म्हणतात. परंतु तेथेही ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नव्हते, जे वृद्ध वा आजारी होते, त्यांना इशारा समजूनही जाता आले नाही. उत्तम शब्द वाहनाची जागा घेऊ शकत नाहीत.

ओडिशाने गिरवलेला धडा

आता आपल्या देशाकडे वळू. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. जगतसिंगपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्र आत शिरला. राज्यात सुमारे दहा हजार लोक प्राणास मुकले. इशारे दिले गेले होते. परंतु किनाऱ्यावर निवारा केंद्रे मोजकीच होती आणि दूरसंपर्क यंत्रणा कोलमडली. जायचे कोठे, याचे उत्तर नसेल तर ‘सुरक्षित स्थळी जा’ या वाक्याला अर्थ काय?

त्या आघातानंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले. निवारा केंद्रांची संख्या आठशेच्या पुढे गेली. गावोगावी समित्या आणि स्वयंसेवकांची पथके उभी राहिली, सराव सुरू झाले, किनारी जिल्ह्यांत भोंग्यांचे मनोरे उभारले गेले. देशपातळीवर आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ संमत झाला आणि राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून किनारी राज्यांना साहाय्य मिळाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ आले, तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना हलवण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फोनी’ आले, तेव्हा सुमारे बारा लाख लोकांचे स्थलांतर झाले. भ्रमणध्वनीवर कोट्यवधी संदेश गेले, पण त्याचबरोबर स्वयंसेवक दारोदार फिरले. राज्यात ६४ जण दगावले. या दोन्ही वादळांचा जोर १९९९ एवढा नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तथापि, हजारांवरून दोन आकड्यांवर आलेली संख्या केवळ वाऱ्याच्या फरकाने स्पष्ट होत नाही.

साखळीतील तुटलेल्या कड्या

यशाबरोबर अपयशेही तपासली पाहिजेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘तितली’ वादळ आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर आले. त्यानंतर समुद्रापासून दूर असलेल्या ओडिशाच्या गजपती या डोंगराळ जिल्ह्यात अतिवृष्टीने दरड कोसळून अनेक जण गाडले गेले. ‘चक्रीवादळ’ म्हटले की आपण किनाराच पाहतो. डोंगरातल्या माणसाला तो इशारा आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी कन्याकुमारीजवळ ‘ओखी’ झपाट्याने बळावले, तेव्हा तामिळनाडू व केरळचे कित्येक मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते. तेथे भ्रमणध्वनीचा संदेश पोहोचतच नाही. हीच उणीव भरून काढण्यासाठी २०१९ मध्ये उपग्रहामार्फत मच्छीमारांना संदेश देणारे ‘जेमिनी’ हे उपकरण आणले गेले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाची सूचना काही दिवस आधी मिळालेली असूनही मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार व कर्मचारी दगावले.

पहिल्या प्रसंगात इशारा आपलासा वाटला नाही, दुसऱ्यात तो पोहोचला नाही, तिसऱ्यात तो मिळूनही माणसे वेळेत हलली नाहीत. साखळी तिन्ही वेळा तुटली. पण वेगवेगळ्या कडीशी.

इशारा कसा असावा?

कोकणातल्या एखाद्या तांडेलाचा विचार करा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की काय करायचे, हे त्याला पिढीजात ठाऊक असते. त्याच गावातील वाडीवाल्या आजींना बावट्याचा अर्थ कळतोच असे नाही. त्यांच्या मनात निराळे प्रश्न असतात. गाय सोडून द्यायची की बांधून ठेवायची? घराला कुलूप लावून गेले तर चोरी होणार नाही ना? निवाऱ्यात बायकांसाठी सोय आहे का? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगड किनाऱ्यावर आले, तेव्हा तर करोनाच्या साथीमुळे गर्दीत जाण्याची भीतीही त्यात मिसळली होती. या प्रश्नांची उत्तरे ज्या इशाऱ्यात नाहीत, तो ऐकला जातो, पाळला जात नाही.

म्हणून चांगल्या इशाऱ्यात पाच गोष्टी असाव्यात : धोका कोणाला आहे, कोठे आहे, केव्हा आहे, त्याने काय घडेल आणि नेमके काय करावे. हवामान विभागाच्या रंगसंकेतांचा अर्थही कृतीशी जोडलेला आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. सुटी जाहीर होणार की नाही, एवढ्यापुरता तो रंग पाहिला जात असेल, तर संदेश अपुरा पोहोचला असे समजावे.

आणखी एक कळीचा मुद्दा विश्वासाचा आहे. वादळ वळले आणि लोक निवाऱ्यातून घरी परतले की ‘उगाच पळवले’ अशी कुजबुज सुरू होते. अशा वेळी प्रशासनाने गप्प बसू नये. वादळ का वळले, तरीही स्थलांतर का आवश्यक होते, हे मोकळेपणाने सांगावे. अनिश्चितता लपवल्याने विश्वास वाढत नाही. ती समजावून सांगितल्याने वाढतो. पुढच्या वादळातील बचावकार्य वस्तुतः त्या दिवशी सुरू होते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पूर्वसूचना’ हा उपक्रम जाहीर केला आणि २०२७ पर्यंत पृथ्वीवरील प्रत्येक व्यक्तीला पूर्वसूचनेचे संरक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. आपल्याकडेही २०२३ मध्ये भ्रमणध्वनी मनोऱ्यांवरून एकाच वेळी सर्वांना संदेश पाठवण्याच्या चाचण्या झाल्या. साधने वाढत आहेत. परंतु भोंगा वाजल्यावर दार उघडून बाहेर पडण्याचा निर्णय शेवटी माणूसच घेतो आणि तो बहुधा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर घेतो.

मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी तहसीलदार असेल, कोणी गटविकास अधिकारी, कोणी पत्रकार, कोणी शिक्षक. कधीतरी मध्यरात्री हवामान विभागाचे पत्रक तुमच्या हाती येईल. त्यातील अंदाज शास्त्रज्ञांनी केलेला असेल. त्याचा इशारा तुम्हाला करायचा असेल. ते पत्रक तसेच पुढे पाठवून ‘आवश्यक कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारणे सोपे असते. त्याऐवजी वस्तीतील शेवटच्या घरातील माणसाला ते कसे कळेल आणि तो कोणत्या वाहनाने, कोठे जाईल, हे विचारा. भोलाच्या त्या रात्री नव्वद टक्के लोकांना ठाऊक होते. ठाऊक असणे आणि वाचणे यांच्यातील अंतर भरून काढणे, हेच तुमचे काम असेल.