सुटका झालेल्या मुलाचं पुढे काय झालं?



बालसंरक्षणाचं काम मोजायचं कसं, एवढाच माझा मुद्दा आहे. आपल्याच राज्यातलं उदाहरण घेते. ३० मे २०२३ रोजी दानापूर–पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर ५९ मुलं उतरवली गेली. बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ही मुलं मदरशांत शिकायला निघाली होती. तस्करीच्या संशयावरून गुन्हे दाखल झाले. सोबतचे पाच जण चार आठवडे तुरुंगात होते आणि मुलं बारा दिवस बालगृहांत. मार्च २०२४ मध्ये लोहमार्ग पोलिसांनी गैरसमजातून गुन्हे नोंदले गेल्याचं सांगून प्रकरणं बंद केली.

अशा कारवाईत पहिल्याच दिवशी आकडा ‘सुटका’ या रकान्यात पडतो. दहा महिन्यांनी गुन्हाच नव्हता असं ठरलं, तर तो आकडा कुठून वजा होतो?

२०१५चा बाल न्याय कायदा वाईट नाही. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं त्यात लिहिलंय. मूल बाल कल्याण समितीपुढे आलं की १५ दिवसांत सामाजिक तपासणी, चार महिन्यांत चौकशी पूर्ण. पण या मुदती कार्यालयाच्या आहेत. अहवाल चौदाव्या दिवशी आला म्हणून मूल घरी गेल्यावर शाळेत बसलं का, रात्री दचकून उठतं का, पुन्हा त्याच गाडीत चढलं का, हे कळत नाही.

आणि हो, हेच प्रश्न आपल्या मदरशांना विचारायला आपण कचरतो. आठ-नऊ वर्षांचं मूल घरापासून इतकं लांब का पाठवावं लागतं? तीन वर्षांनी त्याला गणित येतं का? आईशी महिन्यातून किती वेळा बोलतं? आपल्यावर अन्याय झाला हे खरंच आहे, पण म्हणून ही विचारपूस टळत नाही. मुलांसोबत पालकांचं संमतिपत्र, वयाचा दाखला, संस्थेचा पत्ता असावा, हे तर किमान.

जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांना एक काम सांगते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. नावं मागू नका, मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आकडे मागा: गेल्या वर्षी समितीपुढे किती मुलं आली, किती घरी परतली, त्यातल्या किती घरांना सहा महिन्यांनी कुणी भेट दिली, किती शाळेत आहेत, किती पुन्हा समितीपुढे आली. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, तर तोही कागद जपून ठेवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.