मुळांचे पूल

पूल म्हटला म्हणजे दगड, लोखंड व सिमेंट हीच सामग्री डोळ्यांपुढें येते. मेघालयांतील खासी व जयंतिया टेकड्यांच्या दक्षिण उतारावरील लोकांनीं मात्र पूल बांधण्याऐवजीं वाढविण्याची विद्या साध्य केली आहे.

चेरापुंजी व मॉसिनराम हीं गांवें याच भागांतलीं. वर्षाकांठीं सरासरी ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस! ओढे फुगले कीं गांवाचा बाजाराशीं संबंध तुटतो, आणि बांबूचा साकव त्या दमट हवेंत थोड्याच वर्षांत कुजतो.

म्हणून ओढ्याकांठीं वडाच्या कुळांतील एक झाड लावतात. इंग्रजांनीं त्यास रबराचें झाड म्हटलें. परंतु मोटारीच्या चाकांचें रबर देणारें ब्राझिली झाड तें हें नव्हे. वडाप्रमाणें यासही पारंब्या फुटतात. कोवळ्या पारंब्या बांबूच्या परांचीवरून, किंवा पोखरलेल्या पोफळीच्या खोडांतून, पैलतीरीं नेतात. तेथें माती लाभली कीं त्या रुजतात व जाड होतात. मग नव्या पारंब्या जुन्यांत गुंफावयाच्या. घट्ट भिडलेल्या पारंब्या कालांतरानें एकजीव होतात. कलमें बांधणाऱ्या माळ्यास याचें नवल वाटणार नाहीं. फटींत दगडमाती भरली म्हणजे पाऊलवाट सिद्ध होते.

यास पंधरा ते तीस वर्षें लागतात. लोखंडी पूल पहिल्या दिवसापासून गंजूं लागतो. हा मात्र वयाबरोबर बळावतो व नीट निगा राखल्यास शतकानुशतकें टिकतो. नोंग्रियाट येथील दुमजली पूल सर्वांत प्रसिद्ध आहे.

हेन्री यूल यानें १८४४ सालीं या पुलांचें वर्णन केलें. वाळुंजाच्या जिवंत खोडांवर पादचारी पूल उभारण्याचे प्रयोग २००५ पासून जर्मनींत करणारे फेर्डिनांड लुडविग व त्यांचे सहकारी यांनीं अशा ७४ पुलांचा अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध केला. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींतही त्यांस स्थान मिळालें.

तथापि केवळ स्तुतीनें पूल टिकत नाहीं. ज्यास उद्यांच ओढा ओलांडावयाचा आहे, त्यास तीस वर्षें थांबा असें कोण सांगणार? शिवाय हें काम एकदां करून संपणारें नव्हे. सडकेमुळें जुनी पाऊलवाट ओस पडली, कीं नवी पारंबी वळविण्यास कोणी फिरकत नाहीं, आणि ती ओढ्यावर तशीच मोकळी लोंबत राहते.