आपण उभे कोठे आहोत?



संगणकावर कामगार संघटनेचा माणूस काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. आमचे शिक्षण दहावीला थांबले. पुढचे कारखान्याने आणि रद्दीतल्या पुस्तकांनी केले. परंतु जेथे ठेच लागली ती जागा माणूस विसरत नाही. म्हणून प्रोग्रॅमच्या ‘चालू डिरेक्टरी’विषयी चार शब्द.

‘येथून तिसरे घर’ असा पत्ता मिळाला, तर ‘येथून’ म्हणजे कोठून, हे आधी ठरावे लागते. संगणकातल्या फायली डिरेक्टऱ्यांत ठेवलेल्या असतात, आणि चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्यांपैकी एकीत उभा आहे, असे ऑपरेटिंग सिस्टीम धरून चालते. पूर्ण पत्ता न देता त्याने नुसते ‘यादी’ म्हटले, की तो उभा असेल तेथली यादी. जागा बदलायची तर सिस्टीमला विनंती करावी लागते. युनिक्समध्ये या कॉलचे नाव ‘सीएचडिर’. विनंती मान्य झाली तर उत्तर शून्य. अमान्य झाली तर उणे एक. डिरेक्टरीच नसेल, किंवा आत शिरण्याची परवानगी नसेल, तर प्रोग्रॅम होता तेथेच राहतो.

ही जागा ज्याची त्याची असते. 1969 सालापासून अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची पीडीपी-7 या यंत्रावर युनिक्स घडवीत होते. प्रत्येक हुकमासाठी नवा बाल-प्रोग्रॅम जन्माला घालणारा ‘फोर्क’ कॉल त्यांनी आणला, आणि जागा बदलण्याचा हुकूम एकाएकी चालेनासा झाला. बरेच डोके खाजवल्यावर उलगडा झाला: बालक इमानाने नव्या जागी जात होते आणि तेथेच संपत होते, त्याला पाठविणारा शेल जागचा हलतच नव्हता. ही हकीकत रिची यांनीच लिहून ठेवली आहे. अखेर तो हुकूम शेलला स्वतःच्या अंगी घ्यावा लागला. आजही ‘सीडी’ हा हुकूम शेल स्वतःच पाळतो. आमच्या चळवळीत तरी वेगळे काय घडते? प्रतिनिधी मुंबईला जाऊन आला म्हणून चार हजार कामगार पुढे सरकत नाहीत.

आता आमची ठेच. 2014 साली एका कारखान्यात 1971 च्या राज्य कायद्याखाली मान्यतेचा अर्ज करावयाचा होता. त्यासाठी मागील सहा महिन्यांत किमान तीस टक्के कामगार सभासद असल्याचे दाखवावे लागे. वर्गणीच्या याद्या संगणकावर होत्या. कच्च्या फायली पुसण्यासाठी सी भाषेत एक प्रोग्रॅम आम्हीच लिहिला होता: ‘कच्चे’ या डिरेक्टरीत जा आणि तेथले सर्व पुसून टाक. आदल्या दिवशी त्या डिरेक्टरीचे नाव बदलले, तेही आम्हीच. सीएचडिरने उणे एक असे उत्तर दिले. आमच्या प्रोग्रॅमने ते पाहिलेच नाही. तो याद्यांच्या डिरेक्टरीतच उभा होता, आणि ‘तेथले सर्व’ त्याने पुसले. दुसरी प्रत नव्हती. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती घेऊन अकरा माणसे चार रात्री बसली. अर्ज महिनाभर लांबला, आणि तो महिनाभर वाटाघाटींच्या मेजावर आम्हाला खुर्ची नव्हती.

मागणीपत्र दिले म्हणजे मागणी मान्य झाली, असे आम्ही तीस वर्षांत एकदाही समजलो नाही. मग यंत्रापुढे ते कसे समजलो? कॉल हेही मागणीपत्रच आहे. उत्तर वाचल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये. उत्तर उणे आले तर प्रोग्रॅमने तेथेच थांबावे. शंका वाटल्यास ‘गेटसीडब्ल्यूडी’ या कॉलने आपण कोठे आहोत ते विचारावे. पुसण्याचे काम असेल, तर पूर्ण पत्ता लिहिण्याचा कंटाळा करू नये.

आमच्या त्या प्रोग्रॅममध्ये आता तीन ओळी जास्त आहेत. त्या तीन ओळींची किंमत अकरा माणसांनी चार रात्री जागून भरली आहे. आपणांस ती भरावी लागू नये, एवढ्यासाठीच आम्ही येथे उभे राहिलो.