रोज वीस पाकिटं कोण घेईल?

जिल्हाभरातून आलेले लहानमोठे उद्योजक, बचत गटांच्या भगिनी, आणि अजून काहीच सुरू केलेलं नाही, पण काहीतरी करायचं आहे म्हणून इथे आलेले मित्रहो,

अध्यक्षपदाचा मान दिलात याबद्दल आभार. मी पुठ्ठ्याची खोकी बनवतो आणि विकतो. आमच्या धंद्यात स्वतःचं नाव कुठेच दिसत नाही, खोक्यावर छापलेलं असतं ते दुसऱ्याचं. पण कोणाचा माल उठू लागला आणि कोणाचा पडून राहिला हे खोकीवाल्याला बाकीच्यांच्या आधी कळतं. त्या जागेवरून जे दिसलं, तेवढंच आज बोलणार आहे.

आपली वाडी अमरावती रोडवर, नागपूरच्या पश्चिम दाराशी. ट्रान्सपोर्टची ऑफिसं, वजनकाटे, गोडाऊन, टायरची दुकानं आणि रात्रभर चालणारे ढाबे ही तिची ओळख. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. प्रत्येक राज्यात वेगळा डेपो ठेवायची कंपन्यांची गरज कमी झाली आणि देशाच्या मधोमध असलेल्या नागपूरच्या गोडाऊनना मागणी वाढली. साबण, औषधं, कापड, मोबाइल, सगळं आपल्या दारावरून जातं. आपण ते उतरवतो, मोजतो, ठेवतो, चढवतो, पोचवतो. विकतो मात्र दुसराच. भाडं आणि हमाली आपली, गिऱ्हाईक त्याचं. आणि गिऱ्हाईक ज्याचं, धंदा त्याचा.

संत्र्याचंच बघा. बागा काटोल, कळमेश्वर, वरुडच्या. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बाहेरगावचा पाहुणा संत्राबर्फी घेऊन जातो, ती हल्दीरामची. बिकानेरहून आलेल्या कुटुंबाने इथे दुकान मांडलं आणि आपल्याच फळाची मिठाई आपल्यालाच विकली. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. शिकण्यासारखं मात्र आहे.

तरुण मंडळी भेटतात तेव्हा दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "काका, मला विकता येत नाही." दुसरं, "करावंसं वाटते, पण चालंल का याची शंका आहे." आजवर आपण ही दोन दुखणी वेगळी धरली. पहिल्यासाठी बोलण्याचे क्लास लावले, दुसऱ्यासाठी प्रेरणादायी व्याख्यानं ठेवली. माझ्या मते दुखणं एकच आहे. दोघंही गिऱ्हाईकासमोर जाऊन उभे राहिलेले नाहीत. शंका फिटते तीही तिथेच, आणि विक्री शिकता येते तीही तिथेच.

शंका आपल्याच वाट्याला आली आहे असं समजू नका. जमशेटजी टाटांनी नागपुरात गिरणी काढायचं ठरवलं, तेव्हा इथल्या एका सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतो आहे, असं तो म्हणाला. 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं, की या गृहस्थाने माती टाकली आणि सोनं काढलं. टाटांच्या चरित्रात येणारी ही हकिगत आपण कौतुकाने सांगतो, पण मधला भाग गाळतो. सुरुवातीची यंत्रं हलकी निघाली होती, ती बदलावी लागली. आणि गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे कापडातले जाणकार नव्हते. ते आले होते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून. ट्रान्सपोर्टमध्ये काम करणाऱ्या वाडीच्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. माल कुठून येतो, कुठे जातो, कुठे अडतो हे ज्याला कळतं, त्याची धंद्याची अर्धी शाळा झालेली असते.

दुसरं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. त्यांनी लोखंडी नांगर बनवला, पण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. 1910 मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे 1920 मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी एवढाच सुरुवातीचा हेतू होता. त्यातून मराठीतलं एक मातबर मासिक तयार झालं. मराठी माणसाला विकता येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ज्यांनी मराठी वाचक घडवला, ते कोण होते?

तिसरं उदाहरण तर नागपूरचंच. केशव विष्णू पेंढरकर इथे किराणा दुकान चालवत. पुढे मुंबईला गेले आणि 1952 मध्ये त्यांनी विको सुरू केली. आयुर्वेदिक दंतमंजन घेऊन बाप आणि मुलं घरोघर फिरली. 1975 मध्ये हळदीचं क्रीम आलं, तेव्हा गिऱ्हाइकाची शंका सरळ होती, तोंड पिवळं होईल. असं सांगतात की कंपनीचे विक्रेते सोबत आरसा नेत. क्रीम लावा, चोळा, आरशात बघा. वाद घालून जे जमलं नसतं, ते आरशाने केलं.

या आरशापासूनच विक्रीच्या कौशल्याकडे येतो.

पहिली गोष्ट, गिऱ्हाइकाची हरकत काय आहे ते नेमकं शोधा आणि तिचं उत्तर हातात घेऊन जा. आमच्या धंद्यात नवा मुलगा जातो आणि 'फाइव्ह प्लाय, उत्तम कागद, वाजवी भाव' असं पाठ म्हणून दाखवतो. खरेदी पाहणारा साहेब मान डोलावतो आणि कार्ड ठेवून घेतो. त्याच गोडाऊनमधला हमाल मात्र विचारल्याबरोबर सांगतो, "भाऊ, खोकं चांगलं आहे, पण थप्पी लावली की खालचं बसते. अन् पावसाळ्यात तर पाहूच नका." या दोन वाक्यांत अख्खी ऑर्डर आहे. मग भाव कमी करायची गरज उरत नाही. थप्पी लावून दाखवायची गरज असते. म्हणून नव्या मुलांना मी सांगतो, ऑफिसात जाण्याआधी गोडाऊनच्या मागच्या दाराने एक चक्कर मारा. माल जो वापरतो त्याला विचारा. खरेदी करणारा आणि वापरणारा नेहमी एकच नसतो.

दुसरी गोष्ट, कमी बोला. जिभेवर साखर असलेला माणूसच विक्रेता होतो हा गैरसमज आहे. बोलघेवड्या माणसाची मोठी अडचण ही, की गिऱ्हाईक सांगत असतं तेव्हा तो आपलं पुढचं वाक्य जुळवत असतो. सध्या काय वापरता, त्यात काय खटकतं, महिन्याला किती लागतं, निर्णय कोण घेतं, एवढे चार प्रश्न विचारून ऐकत बसता येत असेल, तर लाजाळू माणूससुद्धा उत्तम विक्रेता होतो.

तिसरी गोष्ट, भाव सांगून गप्प राहा. आपण भाव सांगतो आणि लगेच जोडतो, "पण बघू, काही कमी-जास्त करू." समोरच्याने तोंडही उघडलेलं नसतं! दोन पैसे मिळवण्यात काहीतरी कमीपणा आहे हा संस्कार तिथे बोलत असतो. भाव खर्चावरून नीट काढला असेल, तर तो मान खाली घालून सांगायचं कारण नाही. कमी करायचाच असेल तर बदल्यात काही मागा. मोठी ऑर्डर मागा, रोख पैसे मागा, गाडी भरून माल न्यायला सांगा.

चौथी गोष्ट, पुन्हा जा. "सध्या नको" याचा अर्थ बहुतेक वेळा 'सध्या' एवढाच असतो. वहीत तारीख लिहा, त्या तारखेला जा, आणि जाताना काही नवीन घेऊन जा. नवा नमुना, नवी माहिती, नाहीतर मागच्या वेळी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. नुसतं "काही आहे का?" विचारायला जाणाऱ्याला उत्तरही नुसतं "नाही" असं मिळतं.

आता शंकेकडे वळतो. शंका तीन प्रकारच्या असतात. एक मालाबद्दलची, तिचं उत्तर गिऱ्हाईक देतं. दुसरी पैशाबद्दलची, तिचं उत्तर कागद-पेन्सिल देते. तिसरी लोक काय म्हणतील याची. तिला उत्तर नाही, आणि ते शोधण्यात वेळ घालवू नये.

कागद-पेन्सिलीचं एक उदाहरण घेऊ. आकडे माझे, समजण्यापुरते. एखादी ताई सावजी मसाल्याचं पाकीट काढते. विक्रीचा भाव 60 रुपये. मसाला, दळण आणि पॅकिंग मिळून 32. दुकानदाराचे 12. उरले 16. जागा, वीज, मदतीची बाई आणि फिरणं मिळून महिन्याचा ठरलेला खर्च 8,000 रुपये. भागाकार करा, 500 पाकिटं. महिन्याचे 25 दिवस धरले तर रोज 20. एवढी गेली तर खर्च निघतो, त्यापुढचं प्रत्येक पाकीट कमाईचं. आता 'धंदा चालेल का?' हा धुक्यातला प्रश्न संपला. उरला तो 'रोज वीस पाकिटं कोण घेईल?' हा. या प्रश्नासाठी रात्र जागवावी लागत नाही. वाडीतली दुकानं, सावजी भोजनालयं आणि ढाबे यांची यादी करावी लागते आणि पायात चपला घालाव्या लागतात.

आणि हे कर्ज काढण्याआधी करा. मुद्रा योजना 2015 पासून आहे, तिच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान आहे, त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्र आहे. या योजनांचा जरूर लाभ घ्या. पण कर्जातून मशीन येतं, गिऱ्हाईक येत नाही. आधी हाताने बनवून, थोडं विकून, ओळखीबाहेरच्या माणसाने दुसऱ्यांदा मागितलं का ते पाहा. नातेवाईक पहिल्यांदा कौतुकाने घेतात. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा येतो तो मालासाठी.

लोक काय म्हणतील या शंकेबद्दल आयुध निर्माणीच्या, म्हणजे आपल्या डिफेन्सच्या, परिसरातल्या पालकांशी थोडं बोलतो. आपल्या पिढीला अंबाझरीच्या आयुध निर्माणीतली नोकरी म्हणजे आयुष्याची निश्चिंती वाटायची, आणि ते खरंही होतं. पण 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. त्यातल्या यंत्र इंडिया लिमिटेडचं मुख्यालय आपल्या अंबाझरीतच आहे. कंपनी झाली म्हणजे ऑर्डर मिळवणं आलं, वेळ पाळणं आलं, हिशेब आला. सरकारी कारखान्यालाही जर गिऱ्हाईक शोधावं लागत असेल, तर विकायला निघालेल्या मुलाला "नोकरी नाही मिळाली का?" असं विचारणं आता थांबवूया.

एक विषय नेहमी शेवटी येतो आणि तोच धंदा बुडवतो. उधारी. माल दिला म्हणजे विक्री झाली असं नाही, पैसे आले की विक्री झाली. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. प्राप्तिकर कायद्यातही तरतूद झाली, 1 एप्रिल 2024 पासून ती लागू झाली. मुदत टळली तर पैसे प्रत्यक्ष ज्या वर्षी दिले, त्याच वर्षी देणाऱ्याला तो खर्च वजा दाखवता येतो. पण हे संरक्षण नोंदणी केलेल्या उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, त्यामुळे 'उद्यम' नोंदणी करा आणि तिचा नंबर बिलावर छापा. भांडण करायला कायदा शेवटी काढावा, पण मुदत मात्र पहिल्याच दिवशी बोलून घ्यावी. उधारी मागायला लाजणारा माणूस दुसऱ्याचा धंदा स्वतःच्या पैशावर चालवत असतो.

शेवटी अध्यक्ष म्हणून तीन मागण्या. पहिली नगर परिषदेकडे. आठवडी बाजारात नव्या उद्योजकांसाठी काही जागा राखून ठेवा, पहिले काही महिने नाममात्र भाड्याने. अनोळखी गिऱ्हाईक भेटण्याची त्याहून स्वस्त शाळा नाही. दुसरी मागणी मोठ्या गोडाऊनवाल्यांकडे. खोकी, पट्ट्या, पॅलेट, गाड्यांची दुरुस्ती, कामगारांचं जेवण, यातलं काय इथेच घेता येईल याची यादी जाहीर करा. आम्हाला सवलत नको, नमुना दाखवायची संधी द्या. तिसरी आपल्या संघटनांकडे. व्याख्यानं निम्मी करा. त्या वेळात प्रत्येक जुन्या उद्योजकाने एका नव्या मुलाला गिऱ्हाइकाकडे सोबत न्यावं. त्या मुलाने तिथे फक्त ऐकावं, आणि पुढच्या वेळी बोलावं.

मित्रहो, आता जेवणाची सुट्टी होईल. या सभागृहात हॉटेलवाले आहेत, दुकानदार आहेत, ट्रान्सपोर्टवाले आहेत, कोणाला ना कोणाला काही ना काही लागतंच. ताट हातात घेण्याआधी एका अनोळखी माणसाजवळ जा. सध्या काय वापरता, त्यात काय खटकतं, ते विचारा. मग आपली वस्तू सांगा, भाव सांगा, आणि गप्प राहा. पहिलं उत्तर नकाराचं आलं तर कारण विचारून वहीत लिहा, आणि दुसऱ्या माणसाकडे वळा.