सुरुंगाने पाय नेला, पुढचा खर्च कोणाचा?
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. सुरुंग म्हणजे काय हे इथल्या घरांना पेपर वाचून कळत नाही. घुसखोरी रोखण्यासाठी ताबारेषेवर पेरलेले सुरुंग पावसात जागा सोडतात आणि आपल्याच माणसाच्या पायाखाली येतात. जानेवारी २०२५ मध्ये नौशेरा भागात गस्तीवरचे सहा जवान असेच जखमी झाले.

जवानाला निदान पुढची वाट असते. लष्करी इस्पितळ असते, पुण्याचे १९४४ पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र असते, अपंगत्व पेन्शन असते. आज आम्ही बोलणार आहोत ते ज्याला ही वाट नाही त्याच्याबद्दल. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला. त्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये पंजाब, राजस्थान आणि जम्मूच्या सरहद्दीवर शेतजमिनींत सुरुंग पेरले गेले. ते पुढे काढण्यात आले, पण तोवर शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी पाय गमावले होते. अशा माणसाला मिळते ती एकरकमी भरपाई.

आम्ही बँकेतली माणसे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. कृत्रिम पायाला घसारा असतो. मोठ्या माणसाचा पाय साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावा लागतो. मुलाचे हाड वाढते, म्हणून त्याचा वर्षाला. दहा वर्षांच्या मुलाचा पाय गेला तर अठराव्या वर्षापर्यंत आठ, आणि पुढे साठीपर्यंत चार-चार वर्षांनी धरले तरी आणखी दहा. म्हणजे अठरा पाय झाले, आणि भरपाईचा चेक एकच! ती रक्कम घराच्या पत्र्यात किंवा बहिणीच्या लग्नात जाते, आणि त्यात त्या घराचा दोष नाही. आवर्ती खर्चाला एकरकमी तरतूद केली तर कोणताही ऑडिटर शेरा मारील.

जयपूर फूट आपल्याच देशातला. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी तो घडवला, आणि त्यावर अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते. भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो मोफत बसवते. अफगाणिस्तानातल्या सुरुंगग्रस्तांपर्यंत तो पोचला. म्हणजे कारागिरीची अडचण नाही. अडचण आहे ती दर वेळी जाण्यायेण्याच्या भाड्याची, बुडालेल्या मजुरीची, आणि हक्क म्हणून मागता न येण्याची.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात ॲसिड हल्ल्यातील पीडितांचा स्वतंत्र उल्लेख आला, आणि ते योग्यच झाले. सुरुंगग्रस्तांचा मात्र नाही. शिवाय सामाजिक सुरक्षेच्या योजना सरकारने 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' कराव्यात असे कलम २४ म्हणते. अशी अट आमचे कर्जदार घालू लागले तर बँका कशा चालतील?

आपल्या खासदारांकडे मागणी एवढीच: सुरुंगस्फोटात अवयव गमावलेल्या प्रत्येक नागरिकाला आयुष्यभर अवयव बदलून मिळावा, त्यासाठी प्रवासखर्च मिळावा आणि दरमहा पेन्शन सुरू व्हावी. गडचिरोलीसारख्या भागात नक्षलवाद्यांच्या सुरुंगात सापडलेल्या गावकऱ्यांनाही हेच लागू व्हावे. सुरुंग कोणी पेरला यावरून पायाची किंमत ठरू नये.

१९९७ च्या ओटावा करारावर भारताची सही नाही. ती करावी की नाही यावर या सभेतही दोन मते असतील, आणि माजी सैनिकांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. आज त्या वादात शिरत नाही. स्वतःच्या माणसाला पाय द्यायला कोणत्याही करारावर सही लागत नाही.

निवेदने देण्याची या भागाला सवय आहेच. मसुदा दारापाशी टेबलावर ठेवला आहे. सही करताना गावाचे नाव जरूर लिहावे. बेळगाव शहराचे पत्र एका खासदाराकडे जाईल, निपाणीकरांचे चिक्कोडीच्या, खानापूरकरांचे उत्तर कन्नडच्या आणि चंदगडकडच्या पाहुण्यांचे कोल्हापूरच्या. चारही पत्रांत मजकूर एकच आहे. पुढच्या अधिवेशनात लेखी प्रश्न विचारावा, आणि मिळालेले उत्तर आम्हाला कळवावे. ते जसेच्या तसे याच पत्रकात छापू.