पडद्यावरची मुंबई : घर कोणाचे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात आमच्या चित्रपट कट्ट्यातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)





वडोदऱ्यात बसून मुंबईवर काय बोलायचे, असे कोणाला वाटले तर ते साहजिक आहे. पण मुंबई आपल्याला दोन वाटांनी भेटत आली आहे. एक वाट रेल्वेची. सुमारे चारशे किलोमीटरचा रात्रीचा प्रवास, सकाळी दादरला नाहीतर बोरिवलीला उतरायचे आणि मावशीच्या, आत्याच्या किंवा काकांच्या घरी जायचे. दुसरी वाट सिनेमाची. तिकीट काढायचे, तीन तास अंधारात बसायचे आणि मुंबई पाहून घरी यायचे. गंमत अशी की या दोन वाटांनी भेटलेल्या मुंबया एकमेकींसारख्या दिसत नाहीत. एकीत दोन खोल्यांत सात माणसे, पाण्याची वेळ, शेजारच्यांची कुरकुर आणि घरचा गणपती. दुसरीत समुद्र, उंच इमारती, टॅक्सी, गुंड आणि पाऊस. ही तफावत का पडली, याचा विचार आम्ही कट्ट्यावर बरेच महिने केला. तो आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

आमच्या मते याचे मुख्य कारण एका वाक्यात सांगता येते. हिंदी सिनेमातली मुंबई ही नव्याने आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेली मुंबई आहे.

राज कपूर यांचा 'श्री ४२०' (१९५५) आठवा. नायक अलाहाबादहून मुंबईत येतो. त्याच्याजवळ पदवी आहे, काम नाही आणि छप्परही नाही. फुटपाथवर त्याला माया लावते ती केळी विकणारी गंगामाई. ती भूमिका आपल्या ललिता पवारांची. नायक आलेला, आणि ती आधीपासून तिथे असलेली. तो पुढे कुठे जातो हे चित्रपट सांगतो. ती मुंबईत कधीपासून आहे, तिचे घरदार कुठे होते, हे विचारायला चित्रपटाला सवड नाही. आणि याच चित्रपटात गोरगरिबांना फसवले जाते ते शंभर रुपयांत घर देण्याच्या आमिषाने! मुंबईत माणसाला काय हवे असते हे त्या लोकांना नेमके कळले होते.

'दीवार' (१९७५) घ्या. आई दोन मुलांना घेऊन मुंबईत येते, पुलाखाली राहते, इमारतीच्या बांधकामावर विटा वाहते. मुलगा मोठा होतो आणि तीच इमारत विकत घेतो. भीमसेन यांच्या 'घरौंदा'त (१९७७) कार्यालयात काम करणारे दोघे जण एका फ्लॅटसाठी पै-पै साठवतात आणि बिल्डर त्यांना बुडवतो. मुझफ्फर अली यांच्या 'गमन'मधला (१९७८) टॅक्सीवाला उत्तर प्रदेशातून आलेला आहे आणि त्याचे सगळे मन गावाकडे लागले आहे. हे चारही चित्रपट मनाला भिडणारे आहेत. त्यांतले दुःख खरे आहे.

असे का झाले, त्यालाही कारणे आहेत. ते सिनेमे करणारे बरेच जण स्वतःच मुंबईत आलेले होते. राज कपूर यांचा जन्म पेशावरचा, बी. आर. चोप्रा फाळणीमुळे लाहोरहून आले, बिमल रॉय कलकत्त्याहून. 'श्री ४२०' लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास पानिपतचे. आल्यावर जे दिसले, जे सोसले, ते त्यांनी मांडले. शिवाय हिंदी चित्रपट जम्मूपासून जबलपूरपर्यंत चालायला हवा. मग नायकाचे गाव, जात, बोली जितकी पुसट तितके बरे. नुसते 'राज' किंवा 'विजय' म्हटले की भागते.

मराठी सिनेमाचे काय, असे कोणी विचारेल. चित्रपटाची सुरुवात मराठी माणसाने केली. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला, आणि हे फाळके आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण पुढे मराठी चित्रपटाची मोठी घरे कोल्हापूर आणि पुणे येथे वसली. 'प्रभात' १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. मुंबईत हिंदी चित्रपटाचा धंदा वाढला तेव्हा मराठी चित्रपटाचा जीव बराचसा घाटावर होता.

आता या नव्याने आलेल्या नजरेला मराठी माणूस कसा दिसला? हवालदार, घरकाम करणारी बाई, केळेवाली, भाजीवाली, गिरणीतला गर्दीतला चेहरा, नंतरच्या काळात भाई. लेखकाला दोन मिनिटांत प्रेक्षकाला सांगायचे असते की आपण मुंबईत आहोत. मग लोकलचा एक शॉट, व्हीटीचा एक शॉट आणि हवालदाराच्या तोंडी दोन मराठी शब्द. आपली भाषा तिथे बोलण्यासाठी येत नाही. ती स्टेशनावरच्या पाटीसारखी येते, गाव ओळखू यावे म्हणून.

यात कोणाचा आकस आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या गुजराती शेजाऱ्यांना विचारा. हिंदी सिनेमातला गुजराती माणूस पाहून तेही हसता हसता कपाळाला हात लावतात. सिंधी, पारशी, मद्रासी सगळ्यांची हीच कथा.

पण याचा परिणाम आपल्या घरांत होतो. कट्ट्यावर एकदा सातवी-आठवीतल्या मुलांना बोलावले होते. चित्रपट संपल्यावर एका मुलीने विचारले, "मुंबईत मराठी फक्त पोलीस आणि कामवाल्या मावशीच बोलतात का?" त्या कामांत कमीपणा नाही, हे तिला समजावून सांगितले. तरी प्रश्न उरतोच. आपली मुले शाळेत गुजराती आणि इंग्रजी, बाहेर हिंदी आणि घरी मराठी बोलतात. मावशीच्या घरी मुक्कामाला जाणे आता कमी झाले आहे. त्यांच्यापुढे मराठी बोलणारे मोठे शहर येते ते पडद्यावरूनच. तिथे आपल्या भाषेला घर नसेल, तर घरच्या मराठीकडे ती कोणत्या नजरेने पाहतील?

म्हणून कट्ट्याने एक साधी कसोटी ठरवली. मुंबईचा कोणताही चित्रपट पाहताना विचारायचे, यात संध्याकाळी घरी कोण जातो? कोणाच्या घराचे दार आपल्यासाठी उघडते?

ही कसोटी लावल्यावर एक गोष्ट ठळकपणे दिसली. राहत्या माणसाचे घर जिथे जिथे चांगले उघडले, तिथे पुष्कळदा मागे मराठी लेखणी उभी होती. बासू चटर्जी यांचा 'पिया का घर' (१९७२) चाळीतल्या नवविवाहित जोडप्याची अडचण इतक्या गोडीने सांगतो, कारण तो राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या मराठी चित्रपटावरून केलेला आहे. सई परांजपे यांच्या 'कथा'मधली चाळ श. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या नाटकातून आली. गोविंद निहलानी यांच्या 'अर्ध सत्य'मागे (१९८३) श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि दिलीप चित्रे यांची कविता आहे. म्हणूनच त्यातला अनंत वेलणकर हा नुसता वर्दीतला पोलीस राहत नाही. त्याला हवालदार बाप आहे, बालपण आहे, मनाला लागलेली टोचणी आहे.

उलट बाजूही पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आपल्यापैकी काहींचे नातेवाईकही परळ-लालबागला होते. एवढी मोठी घटना, पण पुढच्या वर्षांत लोकप्रिय हिंदी सिनेमाने उचलला तो भाई. 'सत्या' (१९९८) आणि 'वास्तव' (१९९९) हे उत्तम चित्रपट आहेत. भिकू म्हात्रेचे घर आणि रघूची आई आपण विसरू शकत नाही. पण त्या घरांतली मुले तिथपर्यंत का पोचली, याची गोष्ट जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकात होती. एकाच खोलीतली भावंडे, एक लेखक होऊ पाहणारा, एक क्रिकेटच्या नादातला, एक गुंडगिरीकडे वळलेला. ते नाटक 'लालबाग परळ' होऊन पडद्यावर आले २०१० साली, संपानंतर अठ्ठावीस वर्षांनी. आणि ते केले 'वास्तव'च्याच महेश मांजरेकरांनी.

गणेशोत्सव आहे म्हणून एक छोटेसे निरीक्षण. लोकप्रिय हिंदी चित्रपटातला गणपती बहुधा विसर्जनाचाच असतो. 'अग्निपथ' (१९९०) असो की 'सत्या', ढोलांचा गजर, गुलाल, प्रचंड गर्दी आणि त्या गर्दीत खून नाहीतर मारामारी. कॅमेऱ्याला गर्दी हवी असते हे खरे. पण आदल्या रात्री मखर करताना झालेली भांडणे, मोदकाची फुटलेली पारी, आरतीत कडवे विसरलेले काका हे सारे बाहेरच राहते, कारण ते पाहायला घरात यावे लागते.

गेल्या काही वर्षांत दार थोडे किलकिले झाले आहे. 'सेक्रेड गेम्स' (२०१८) या मालिकेत जितेंद्र जोशी यांनी रंगवलेला काटेकर हा हवालदारच आहे, पण त्याला बायको-मुले आहेत, घर आहे. रोहेना गेरा यांच्या 'सर'मधली (२०१८) रत्ना घरकाम करते, आणि चित्रपट तिचाच आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात आणि सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब मराठी नाटकाला जातात. त्या नाटकात परप्रांतीयांची टिंगल आहे आणि प्रेक्षागृह खदखदून हसते आहे.

तिथे आम्ही कट्ट्यावर जरा गप्प झालो. कारण गुजरातेत आपणच परप्रांतीय! अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आपले पूर्वज इथे आले. ज्या सयाजीरावांचे नाव आपण रोज घेतो, ते स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे बारा वर्षांचे गोपाळराव म्हणून १८७५ साली दत्तक आले. म्हणजे आलेल्या माणसाची गोष्ट आपली आहे, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाची गोष्टही आपलीच आहे. मुंबईच्या सिनेमातल्या दोन्ही बाजू आपल्याला आतून कळतात. ज्याला घर दाखवायचे त्याची फक्त आरती ओवाळून चालत नाही, त्याचे नाटकातले हसणेही दाखवावे लागते, हे 'कोर्ट'ने शिकवले.

आणखी एकच चित्रपट सांगतो. २०२४ साली पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले. त्यातल्या दोन परिचारिका केरळहून आलेल्या आहेत. पण तिसरी, छाया कदम यांनी केलेली पार्वती, गिरणी कामगाराची विधवा आहे. घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला हुसकावतो आणि ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. सत्तर वर्षे आपण मुंबईत येणारी माणसे पाहिली. इथे मुंबईतून निघणारे माणूस दिसले, आणि तिचे सामान बांधायला मदत करणाऱ्या मैत्रिणी बाहेरगावच्या आहेत. आलेल्याची आणि राहत्याची गोष्ट एका चित्रपटात एवढ्या मायेने सांगता येते, तर ती इतरांनाही सांगता येईल.

म्हणून आमची दोन मागणी आहेत. पहिले मागणे पालकांना. मुलांबरोबर चित्रपट पाहा आणि संपल्यावर विचारा, यात घर कोणाचे दिसले आणि कोणाचे नाही? मुले फार छान उत्तरे देतात. दुसरे मागणे ज्येष्ठांना. तुमच्यापैकी कोणी गिरगावात वाढलेले, कोणाचे माहेर दादरचे, कोणाचे मामा परळच्या गिरणीत होते. त्या खोल्या, ते जिने, ती माणसे लिहून काढा. कथा, कविता, नाटक जमलेच पाहिजे असे नाही, चार पाने पुरेत. इथल्या आपल्या वाड्यांबद्दलही लिहा, आणि त्यात शेजारचे गुजराती कुटुंबही घरासकट येऊ द्या. जे लिहिले गेले तेच पुढे पडद्यावर आले, हे आपण आज पाहिले. जे लिहिलेच नाही त्याला कोणता दिग्दर्शक घर देणार?

पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत अशा चार घरांची दारे उघडावीत, एवढी बाप्पाच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!