मनातले आणि ओठांवरचे

आपल्या भंडारा जिल्ह्यातले आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. कोसा अस्सल आहे की नाही हे पाहण्याची एक साधी रीत जाणत्या गिऱ्हाइकाला ठाऊक असते. कापडाच्या कडेचा एक धागा काढायचा आणि जाळायचा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, राख चिमटीत भुरभुरते. कृत्रिम धागा मात्र वितळतो आणि त्याची टणक गुठळी होते. माणसाच्या बोलण्याला अशी काडी लावता येत नाही, कलेलाही नाही. तरीही आपण रोज पारख करतच असतो. अमका मनापासून बोलला, तमक्याचे सगळे वरवरचे होते, असे म्हणतो. ही पारख आपण कशावरून करतो, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

मी बरीच वर्षे शाळेत मराठी शिकवले. ‘माझे वडील’ हा निबंध दरवर्षी असायचा. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने लिहिले, की माझे वडील संध्याकाळी ऑफिसातून येतात, हातातली बॅग ठेवतात आणि आम्हाला बागेत नेतात. भाषा शुद्ध होती, एकही चूक नव्हती. पण तिचे वडील दोन एकर धानाचे शेतकरी होते. निबंध गाईडमधला होता. मी तिला जवळ बोलावले आणि विचारले, “तुझा बा काय करते, सांग बरं.” ती आधी गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “पानी नाही आला त बा रातभर झोपत नाही. आंगनात बसून रायते.” एवढीच दोन वाक्ये. पण बांधीत टाकलेले पऱ्हे, डोक्यावरचे कर्ज आणि आभाळाकडे लागलेले डोळे, सगळे त्यांत आले. मी म्हटले, हेच लिही. ती म्हणाली, “सर, असं लिवलं त मार्क कटतीन.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. मार्क कटलेच असते. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, म्हणून ती अशुद्ध, असे पिढ्यान् पिढ्या मुलांच्या मनावर बिंबवले गेले. घरची भाषा दाराबाहेर ठेवून वर्गात शिरायचे. मग त्या भाषेबरोबर घरचा बापही दाराबाहेरच राहतो आणि वहीत गाईडमधला बाप येऊन बसतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास केला, शब्दकोश तयार केला, झाडीबोलीची साहित्य संमेलने उभी राहिली. त्या कामाचे मोल केवळ भाषाशास्त्रापुरते नाही. ‘तुझे बोलणे लिहिण्याजोगे आहे’ हा धीर त्याने इथल्या माणसाला दिला.

मग बोलीत बोलले की झाले का खरे? तसेही नाही. निवडणुकीच्या सभेत बाहेरून आलेला वक्ता पहिली दोन वाक्ये झाडीबोलीत म्हणतो. टाळ्या पडतात. पण मागे बसलेला म्हातारा शेजाऱ्याला कोपर मारून हसतो. त्याला कळलेले असते, की ही बोली घातलेल्या फेट्यासारखी आहे, सभा संपली की उतरणार. मी पाहिलेल्या कित्येक नाटकांत नायक-नायिका प्रमाण मराठीत रडतात आणि बोलीत बोलतो तो फक्त हसवणारा गडी. तिथेही शब्द आपलेच असतात, पण त्यांचा मान गेलेला असतो.

याची दुसरी बाजूही पाहू. गावात मरण झाले की लोक येतात. काय बोलतात? “देवाच्या मनात होतं”, “आता पोरांकडे पाहा”. शेकडो वर्षे घासून गुळगुळीत झालेली वाक्ये. एकही शब्द बोलणाऱ्याचा स्वतःचा नाही. पण तोच माणूस रोवणी सोडून आलेला असतो, दिवसभर ओसरीवर बसतो, आणि त्याच्या घरून भाताचे भांडे आलेले असते. त्याचे ते ठरीव वाक्य खोटे म्हणायची कुणाची छाती आहे? म्हणजे शब्द नवे की जुने, स्वतःचे की उसने, यावर खरेपणा ठरत नाही. त्या शब्दांमागे माणूस उभा आहे का, यावर ठरतो. गाईडमधल्या निबंधामागे ती मुलगी नव्हती. या जुन्या वाक्यामागे शेजारी उभा आहे.

लायनेल ट्रिलिंग या अमेरिकन समीक्षकाने 1972 साली याच विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. आपण जे बोलून दाखवतो आणि मनात जे असते, त्यांचा मेळ म्हणजे प्रामाणिकपणा, अशी त्याची साधी मांडणी आहे. रोजच्या व्यवहाराला ती पुरते. पण कलेला पुरते का?

आपली दंडार आठवा. दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार उभी राहते. लुगडे नेसून नाचणारा गावातलाच शेतकरी असतो. सकाळी त्यालाच बैलांमागे पाहिलेले असते. कुणाची फसवणूक होत नाही, करायचीही नसते. तरी त्याने राणीचे दुःख गायले की बायका पदराने डोळे पुसतात. तो राणी नाही, त्याला ते दुःखही नाही. मग खोटे कुठे आहे? दिदरो या फ्रेंच विचारवंताने अठराव्या शतकात म्हटले होते, की थोर नट स्वतः भावनेने वाहून जात नाही, म्हणूनच तो प्रेक्षकाला हलवू शकतो. झाडीपट्टी रंगभूमीचे गडचिरोली जिल्ह्यातले कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी सुमारे 800 भूमिका केल्याचे सांगितले जाते. इतकी माणसे एकाच्या पोटात खरोखर राहत असतील का? नाही. पण रात्रभर चालणाऱ्या नाटकात, थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसांसमोर अंग चोरून काम करणे त्यांना परवडत नाही. कलावंताचा प्रामाणिकपणा भावनेत शोधू नये, कामात शोधावा. तो भूमिकेशी, सुराशी आणि समोरच्या प्रेक्षकाशी इमान राखतो.

दुसऱ्याचे बोलणे सांगतानाही असेच इमान लागते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी प्रसंग पाहिले-ऐकले, त्यांच्याकडे जाऊन विचारले, आणि माणसे बोलत तशीच साधी भाषा राखली. स्वामींचे एक शिष्य नीळभट्ट हे तर आपल्या भंडाऱ्याचेच, भांडारेकर. ऐकीव गोष्टीला आपल्या पदरचे मीठ लावायचे नाही, हा धडा मराठी गद्याने अगदी आरंभालाच घेतला आहे.

आज तो धडा अधिक लागतो. वाढदिवसाला फुलांचे तेच चित्र, निधनाला तीच समई, बोटाच्या एका टिचकीत शंभर जणांना. आता तर यंत्राला सांगितले की ते शोकसंदेशही लिहून देते, तोही सफाईदार. मी त्यांना नावे ठेवत नाही. ठरीव शब्द वाईट नसतात, हे आताच म्हटले. पण ओसरीवर बसण्याची जागा त्या चित्राने घेतली, तर मागे काहीच उरत नाही. म्हणून संदेश जरूर पाठवावा, आणि जमले तर संध्याकाळी त्या घरी जाऊनही यावे.

आणि घरातल्या लेकराने ‘माझे वडील’ लिहायला घेतले, तर गाईड बाजूला ठेवून एवढेच विचारावे, “तुझा बा काय करते?” प्रमाण भाषा त्याने शिकायलाच हवी, ती पुढे उपयोगी पडते. पण तिच्यात त्याचा स्वतःचा बाप आला पाहिजे.